डोमेन कुणाच्या नावावर आहे?
वेबसाइट चालवायला सर्व्हरवर जागा देणाऱ्या होस्टिंग कंपनीशी पटत नसेल तर डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, दुसरीकडे न्या, असं एका लेखात म्हटलंय. बरोबर आहे, पण डोमेन आपल्या नावावर असेल तर! सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या मेहुण्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. होस्टिंगवाल्याने डोमेन 'फुकट' दिलं आणि मालकाच्या रकान्यात स्वतःच्याच कंपनीचं नाव टाकलं. होस्टिंग सोडतो म्हटल्यावर डोमेन दुसरीकडे न्यायला लागणारा ट्रान्सफर कोड द्यायला टाळाटाळ सुरू. ऑर्डरी त्याच डोमेनच्या ईमेलवर येतात, म्हणजे अख्खा धंदाच अडकला. कारखान्याच्या नावाच्या बिलावर डोमेन छापलेलं होतं, त्याच कागदावर प्रकरण हललं. ही सरळ अडवणूक आहे, आणि छोट्या कारखानदाराला ती परवडत नाही.

डॉट कॉमसाठी आयकॅनचा, म्हणजे जगभरातल्या डोमेनची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेचा, नियम स्पष्ट आहे. नोंदणीकृत मालकाने मागितल्यावर रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीने, 5 दिवसांत कोड द्यायचा. पैशांचा वाद आहे एवढ्यावरून तो अडवता येत नाही. रजिस्ट्रार ऐकत नसेल तर आयकॅनकडे ऑनलाइन तक्रार करता येते. डॉट इनचा कारभार निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे.

हूइजमध्ये, म्हणजे डोमेनचा मालक शोधायच्या सार्वजनिक नोंदीत, हल्ली नाव बहुतेक झाकलेलंच असतं. म्हणून आजच डोमेनच्या पॅनेलमध्ये लॉगिन करून 'रजिस्ट्रंट' म्हणजे नोंदणीकृत मालकापुढे कुणाचं नाव आणि कुणाचा ईमेल आहे ते बघा.