'टॅब द्या, वाडीतली शाळा बंद करा' : फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

गेला महिनाभर देवगड तालुक्यातल्या ग्रामस्थांच्या आणि मुंबईत असलेल्या चाकरमान्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: कोकणातल्या वाडीवाडीत सात-आठ मुलांसाठी दोन-दोन शिक्षक पोसणे आता परवडणारे नाही; कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, प्रत्येक मुलाला न थकता, त्याच्या गतीने आणि मराठीतून शिकवते; आफ्रिकेत तिने सहा आठवड्यांत दोन वर्षांचे शिक्षण दिल्याचे सिद्ध झाले आहे; मोबाइल तर घरोघरी आहेच; तेव्हा मुलांना टॅब द्यावेत, शाळा बंद कराव्यात, आणि जे शिक्षक विरोध करतात ते केवळ नोकरीच्या भीतीने करतात. आमच्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने तो मला पाठवला आणि खाली विचारले, "बाई, यात चूक काय आहे?" त्याने मनापासून विचारले आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

मी सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, एका वाडीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी मिळून आमचा पट सात आहे.

सर्वांत जास्त छाप पाडणारा दावा आफ्रिकेचा आहे, म्हणून आधी तोच घेते. तो प्रयोग खरा आहे. 2024 च्या जून-जुलैमध्ये नायजेरियातल्या एडो राज्यात जागतिक बँकेच्या पुढाकाराने तो झाला, आणि त्याचे निष्कर्ष चांगले आले हे मान्यच करायला हवे. पण तिथे एआय शाळेच्या जागी आलेली नव्हती. शाळा सुटल्यावर भरणारा तो जादा वर्ग होता. मुले माध्यमिक शाळेतली होती, ती जोडीजोडीने संगणकासमोर बसत, विषय मुख्यतः इंग्रजी होता, आणि यंत्राला काय विचारायचे, आलेल्या उत्तराचे काय करायचे, हे दाखवायला शिक्षक वर्गात हजर असत. ज्या मुलांशी तुलना केली त्यांना असा जादा वर्ग मिळालाच नव्हता, त्यामुळे फायद्यातला किती वाटा यंत्राचा, किती शिक्षकाचा आणि किती वाढीव वेळेचा, हे त्या आकड्यावरून वेगळे काढता येत नाही. 'दोन वर्षांचे शिक्षण' हे गुणांमधल्या फरकाचे वर्षांत केलेले रूपांतर आहे. मुलांनी दोन इयत्तांचा अभ्यासक्रम संपवला, असा त्याचा अर्थ नाही. शिक्षकाला सोबत घेऊन केलेल्या प्रयोगाचा दाखला शिक्षक काढून टाकण्यासाठी दिला जातो, ही या संदेशातली सर्वांत मोठी गफलत आहे.

'एआय न थकता, प्रत्येकाच्या गतीने शिकवते' हा दावा अर्धा खरा आहे, आणि त्यातला खरा अर्धा भाग मला नाकारायचा नाही. एकच शंका दहा वेळा विचारली तरी यंत्र त्रासत नाही; लाजऱ्या मुलाला याचा मोठा आधार वाटू शकतो. प्रश्न आहे तो मूल मागेल तेव्हा यंत्र उत्तर देते याचा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या एका शाळेत नववी ते अकरावीच्या सुमारे 1,000 विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावासाठी एआय दिली. ज्यांना साधी, थेट उत्तर देणारी एआय मिळाली त्यांची सरावातली कामगिरी 48 टक्क्यांनी सुधारली. पण ती काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा हीच मुले एआयला कधी हातही न लावलेल्या मुलांपेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या गटाच्या एआयला, शिक्षकांच्या मदतीने, उत्तर न सांगता फक्त इशारे द्यायला बसवले होते. तिथे हे नुकसान जवळजवळ टळले, मात्र परीक्षेत विशेष फायदाही दिसला नाही. ही मुले साधारण चौदा ते सतरा वर्षांची होती. आठ वर्षांच्या मुलाला तयार उत्तराचा मोह आवरेल, असे मानायला काही आधार नाही.

उत्तर रोखून धरणे म्हणजे काय, ते वर्गातल्या एका प्रसंगावरून सांगते. मागच्या आठवड्यात तिसरीतल्या मुलीने 52 वजा 27 चे उत्तर 35 लिहिले. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन वजा केले. ही चूक जगभरची मुले करतात आणि चांगले ॲप ती ओळखूही शकेल. मी तिला पाटी बाजूला ठेवायला सांगितली आणि माडाच्या हिरांच्या काड्या दिल्या: दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या. "यातल्या सत्तावीस मला दे." दोन जुड्या तिने लगेच पुढे केल्या. मग दोन सुट्या काड्या हातात घेऊन ती थांबली. बराच वेळ थांबली. तिचा हात तिसऱ्या जुडीच्या रबराकडे गेला, मागे आला, पुन्हा गेला, आणि तिने माझ्याकडे बघून विचारले, "बाई, सोडू काय?" मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. तिने रबर सोडले. हातचा घेणे त्या क्षणी तिचे झाले. पडद्यावरच्या साधनापर्यंत तिने लिहिलेला आकडा पोचला असता. मागे आलेला हात पोचला नसता, आणि मी कधी गप्प राहायचे ते मला त्या हातानेच सांगितले.

'एआयला मराठी येते' हे लिहिलेल्या प्रमाण मराठीपुरते बऱ्याच अंशी खरे आहे. पण पहिलीतले मूल घरची बोली घेऊन शाळेत येते. मी एकदा पहिलीतल्या मुलाचे बोलणे मोबाइलवर आपोआप लिहून घेण्याचा प्रयत्न केला. "माका येना नाय" असे तो म्हणाला. पडद्यावर 'माका'चा 'मका' झाला आणि पुढचे वाक्य कुठल्या कुठे गेले. मालवणीतून प्रमाण मराठीकडे मुलाला हळूहळू न्यायचे, त्यात त्याच्या बोलीचा पाणउतारा होऊ द्यायचा नाही, हे पहिल्या दोन इयत्तांतले आमचे मुख्य काम आहे. यंत्राला अजून त्याची पहिली पायरीही नीट जमत नाही.

'मोबाइल घरोघरी आहेच' याबद्दल थोडक्यात. 'असर 2024' च्या ग्रामीण पाहणीत 14 ते 16 वयोगटातल्या सुमारे 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पण आदल्या आठवड्यात तो शिक्षणाशी संबंधित कामासाठी वापरल्याचे 57 टक्क्यांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे 76 टक्क्यांनी. शिवाय चॅटजीपीटीच्या स्वतःच्या अटींनुसार ते 13 वर्षांखालील मुलांसाठी नाही, आणि युनेस्कोनेही 2023 च्या मार्गदर्शिकेत वर्गातल्या वापरासाठी किमान वय 13 असावे असे सुचवले आहे. आमच्या शाळेतले सर्वांत मोठे मूल दहा वर्षांचे आहे. नेटवर्क आणि विजेचे तर कोकणात कोणाला सांगायला नको. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि त्याच वर्षी ऑनलाइन वर्गासाठी मुले सड्यावर नेटवर्क शोधत फिरत होती.

शिक्षक एआयला घाबरतात, या आरोपाला मी माझ्या कामानेच उत्तर देते. मी ती आठवड्यातून तीन-चार वेळा वापरते. चार इयत्ता एका खोलीत असताना एकाच विषयावर चार पातळ्यांचे प्रश्न तयार करणे हे पूर्वी रात्रीचे दोन तास खाणारे काम होते. आता कच्चा खर्डा काही मिनिटांत मिळतो. तो तसाच्या तसा मात्र कधीच वापरता आलेला नाही. भातशेतीवरच्या उताऱ्यात तिने लिहिले होते की शेतकरी शेतात बी पेरतो आणि पीक आले की कापतो. ज्या मुलांनी जुलैत चिखलात उभे राहून तरवा, म्हणजे भाताची रोपे, काढला आहे, लावणीला मुठी पोचवल्या आहेत, त्यांच्यापुढे हा उतारा कसा ठेवायचा? मी भाजावळीपासून, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्यापासून, सगळे घातले, आणि मग चौथीच्या मुलांना मूळ उतारा देऊन त्यात काय राहून गेले ते शोधायला लावले. त्यांनी पाच गोष्टी शोधल्या; त्यांतली एक माझ्याही लक्षात आली नव्हती. यंत्राचे लिहिणे तपासायचे असते, हा धडा त्यांना आयुष्यभर लागणार आहे. केंद्र सरकारने 2026-27 पासून तिसरीपासूनच एआयची ओळख अभ्यासक्रमात आणण्याचे जाहीर केले आहे, ती ओळख अशीच व्हावी असे मला वाटते. आणि ती करून द्यायला वर्गात कोणीतरी लागणार आहे.

राहिला पैशांचा हिशेब. राज्यात 20 पेक्षा कमी पटाच्या 14,700 हून अधिक शाळा आहेत आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुले शिकतात, असे शिक्षण विभागाने 2023 मध्ये समूह शाळांचा, म्हणजे जवळच्या छोट्या शाळा एकत्र करण्याचा, विचार मांडताना सांगितले होते. हा खर्च मोठा आहे, त्यावर चर्चा व्हायलाच हवी. पण सहा वर्षांचे मूल टॅबसमोर एकटे बसू शकत नाही. सकाळी दहा ते पाच त्याच्याजवळ मोठे माणूस लागणारच. आमच्या वाडीत त्या वेळी आईवडील आंब्याच्या बागेत, काजूच्या कारखान्यात किंवा मासळीच्या लिलावात असतात, आणि घरी आजी असते, जिला वाचता येत नाही. मग ते मोठे माणूस नेमायचे, त्याला पगार द्यायचा, तर ते शिकवणारे का नसावे?

शिवाय शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा शक्यतो मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी. आमच्या वाडीपासून पुढची शाळा चार किलोमीटरवर आहे आणि मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा, आहे, जो जुलैत दिवसदिवस ओलांडता येत नाही. संदेशातल्या हिशेबात दोन शिक्षकांचा पगार धरला आहे. गाडी, पऱ्यावरचा साकव, दर काही वर्षांनी बदलावे लागणारे टॅब, आणि शाळेच्या पोषण आहारात रोज दुपारी मिळणारे गरम जेवण, यांपैकी एकही ओळ त्यात नाही. ज्याने मला तो संदेश पाठवला, त्याला मी या चार ओळी घालून तोच हिशेब पुन्हा मांडायला सांगितले आहे.