खिडकीतला फणस

मैदानावर उभं राहून बाण मारणाऱ्याचा फोटो पेपरात येतो. मांगरात, म्हणजे परसातल्या अडगळीच्या खोपटात, स्टुलावर बसून खिडकीतून बाण मारणाऱ्याची बायको शेजारणीला हळू आवाजात सांगते, "रिटायर झाल्यापासून ह्यांचं हे असंच चाललंय." मी दुसऱ्या प्रकारातला.

आता यात माझा दोष नाही, पावसाचा आहे. आमचं घर कोकणात, आचऱ्याच्या बाजूला. वर्षाचा तीनेक हजार मिलिमीटर पाऊस आमच्या डोक्यावर बहुतेक सगळा चार महिन्यांत ओतला जातो. बाणाच्या शेपटाला पिसं असतात. ती भिजली की चपटी होऊन काडीला चिकटतात आणि बाण मनाला येईल तिकडे जातो. तेव्हा जून लागला की बांबूचं धनुष्य घेऊन मी मांगरात शिरतो. मांगराला एक खिडकी आहे, खिडकीतून फणस दिसतो, फणसाखाली माझं जनावर उभं असतं. जनावर म्हणजे भाताचा पेंढा ठासलेलं गोणपाट, त्याला चार बांबूचे पाय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ते बरंच आहे, कारण गोणपाट माझ्यावर उलटून येत नाही.

खऱ्या शिकारीचा अधिकार घरात एकट्या पुतण्याला. तो मिशिगनला असतो. तिथे दर वर्षी १ ऑक्टोबरला धनुर्धाऱ्यांचा हरणाचा हंगाम उघडतो. हा लायसन काढून, जुन्या वळणाचं, चाकं नसलेलं धनुष्य घेऊन, जंगलात कापडी खोपीत जाऊन बसतो. खोपी चारी बाजूंनी बंद, आत काळोख, समोर वीत-दोन वीत उंचीची फट. माझ्या मांगराचं वर्णन ऐकल्यावर तो एकदम हळवा झाला. "काका, सेम प्रॉब्लेम. अंतर कळत नाही ना?"

नाही कळत. आणि अंतर कळलं नाही तर बाकी सगळं येऊन उपयोग नाही. बांबूच्या धनुष्याच्या स्पर्धा आपल्याकडे होतात, इंडियन राउंड म्हणतात, त्यात लक्ष्य ३० आणि ५० मीटरवर असतं. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवर. ते मोजून ठेवलेलं असतं, रात्रीतून हलत नाही. हरणाला मात्र किती मीटरवर उभं राहायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. बाण सुटला की सुटल्या क्षणापासून तो खाली यायला लागतो. आमच्यासारख्या धनुष्यातून तो सेकंदाला ५० मीटरच्या आसपास जातो. हिशेब असा, की लक्ष्य २० मीटरवर आहे असं धरून सोडलात आणि ते २५ वर निघालं, तर बाण वीतभर खाली लागणार. हरणाच्या छातीतली नेमकी जागा, पुतण्या म्हणतो, तीच मुळात वीतभर रुंद. म्हणजे पाच मीटर चुकले की हरीण सुटलं, किंवा त्याहून वाईट, जखमी होऊन पळालं आणि तुम्ही बॅटरी घेऊन रात्रभर त्याच्या मागे. म्हणून तो वीस यार्डांपलीकडे बाणच सोडत नाही. नव्या, चाकांच्या धनुष्यावर नेम धरायला वीस, तीस, चाळीस यार्डांच्या वेगवेगळ्या टाचण्या बसवलेल्या असतात. आमच्या धनुष्यावर फक्त धनुष्य असतं.

आता या फणसाखाली मी लहानाचा मोठा झालो. त्याच्यावरून पडलोय, त्याच्या चिकानं शर्ट घालवलेत. खळ्यात उभं करून विचारा, तो किती लांब आहे ते मी झोपेत सांगेन. पण मांगरात शिरून स्टुलावर बसलो की तोच फणस अनोळखी होतो. यावर मी बराच विचार केला आहे (पावसाळ्यात दुसरं असतं काय?) आणि माझं मत असं, की डोळा अंतर मोजतच नाही. तो मधली जमीन मोजतो. पायापासून सुरू करून, ही पायरी, हा चिखल, ही तुळस, असं करत करत फणसापर्यंत जातो आणि बेरीज सांगतो. खिडकीची चौकट नेमकी पायाजवळची जमीनच कापून टाकते. समोर उरतो चौकोनात बसवलेला एक फणस, ज्याच्याआधी काही घडलेलंच नाही. मग डोळा ठोकून देतो.

त्यात उजेडाची लबाडी. भुरभुर पाऊस असला की फणस धुरकटतो आणि मागे मागे जातो, पार गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकतो. श्रावणात मध्येच उघडीप होऊन ऊन पडलं की पानन् पान लखलखतं आणि तोच फणस खिडकीत डोकं घालतोय असं वाटतं. काळोखात बसून उजेडात बघताना तर हे दुप्पट होतं. एकाच सकाळी माझ्या डोळ्यांनी त्याला पंधरा मीटरवरही पाहिलाय आणि सव्वीस मीटरवरही. झाड जागचं हललं नव्हतं, याला आमची आई साक्षीदार आहे.

शिवाय गाय. तिनं या खेळात आपणहून भाग घेतला. बाणांनी गोणपाटाला भोकं पडली की त्यातून पेंढा डोकावतो, आणि ती येऊन तो ओढून खाते. मान तिरकी करून, जिभेनं वेटोळं घालून, एकेक काडी. अर्ध्या बाजूनं खाल्लं की जनावर त्या अंगाला लवंडतं, मग ती दुसऱ्या अंगाला जाते. माझं लक्ष्य असं हळूहळू वाळत चाललं. लहान झालेली वस्तू डोळ्याला लांब वाटते, लांब वाटली की माणूस धनुष्य वर उचलतो, आणि बाण जनावराच्या डोक्यावरून जाऊन गडग्याच्या चिऱ्यावर आपटतो. चिऱ्याला काही होत नाही. पुतण्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, तिकडेही पाडस आणि थोराड हरीण यांच्यात याच कारणानं घोळ होतो. त्याच्याकडे गाय नाही, एवढाच फरक.

अंतर जुळलं तरी बाण बाहेर पडायला हवा. माझं धनुष्य माझ्याएवढं उंच. बसून ताणलं की वरचं टोक वाशाला लागतं आणि कौलांवरची सगळी धूळ, कोळिष्टकं आणि एखादी पाल माझ्या टाळूवर उतरते. खालचं टोक गुडघ्यावर. म्हणून ते तिरकं धरायचं. तिरकं धरलं, नेम धरला, समोर जनावर स्वच्छ दिसतंय, सोडला, तर बाण खटकन खिडकीच्या उंबऱ्यातच रुतला. डोळा वर असतो, बाण त्याच्या खाली चार बोटं. डोळ्याला जी वाट मोकळी दिसते ती बाणाला मोकळी असेलच असं नाही. पुतण्या म्हणतो त्यांच्या खोपीच्या कापडाला अशी ठिगळं असतात. आमच्या उंबऱ्याला फणसाच्याच लाकडाची फळी आहे. तिच्यातून बाण काढायला पक्कड लागते.

उपाय नव्हते असं नाही. शिकारी लोक हंगामाआधी खोपीपासून पावलं मोजून ठेवतात आणि ठरावीक अंतरावर खुणा करतात. मीही दर पाच मीटरवर चुना फासलेला एकेक धोंडा ठेवला. बाण पंधराच्या धोंड्याचा हिशेब धरून जाईना, तेव्हा बायकोकडे चौकशी केली.

"अहो, तो मी पाण्याच्या ड्रमाखाली घातला. ड्रम डुगडुगत होता."

"आणि दहाचा?"

"दहाचा कुठला? न्हाणीच्या दारातला होय?"

मग पुतण्यानं येणाऱ्याच्या हाती लेझरनं अंतर मोजायचं यंत्र पाठवलं. बटण दाबलं की आकडा. उत्तम वस्तू. पण खिडकीसमोर माडाची झावळी वाऱ्यावर हलते आणि पागोळ्या धो धो कोसळत असतात, त्यामुळे यंत्र कधी झावळीचं अंतर सांगायचं, कधी पावसाचं. फणसाचं सांगितलंच तर मला ते पटायचं नाही.

शेवटी शेजारचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आला. आयुष्य रापणीत आणि होडीत गेलेलं. तो दारात उभा राहून माझा सगळा कारभार बघत होता.

"बापाशीच्या परसात वाढलंस नि फणस किती लांब तां तुका कळणा नाय?"

मी डोळा, जमीन, उजेड वगैरे समजावलं. त्यानं ते ऐकून घेतलं आणि स्टुलाकडे बोट केलं.

"काल थंय बसललंस, आज हंय बसलंस. बूड एका जाग्यार ठेव, मगे अंतर ईचार."

हे खरं होतं. मांगर गळतो. गळतीची जागा बदलते तसं माझं स्टूल बदलतं, कधी मागच्या भिंतीला, कधी खिडकीला चिकटून. म्हणजे फणस स्थिर आणि मीच कोनाकोनानं फिरत होतो. त्यानं वर चढून कौल सरकवलं, स्टूल ठेवलं आणि दोरी मागितली. हात पसरून वाव वाव मोजत तो खिडकीतून फणसाकडे निघाला. दहा भरले. माझ्या हातांनी साडेदहा भरत होते. यावरून वाद झाला तो ऐकून आई बाहेर आली. तिनं दांडीवरची दोन नऊवारी लुगडी काढून दिली.

"मोजा. लुगड्याक चिखल लागलो तर तुकाच धुवक लावतलंय."

फणसापाशी बायको, खिडकीपाशी तांडेल, मध्ये गाठ सांभाळत मी. दोन लुगडी संपली आणि पुढे पदराएवढी दोन वारांची जागा उरली. अठरा आणि दोन, वीस वार. तांडेलाचे दहा वावही तेवढेच, सहा फुटी वाव धरला तर. आणि पुतण्याचे वीस यार्डही तेच. हे चालू असताना माडावरून एक वांदरी फणसावर उडी मारून गेली. मध्ये जमीन नाही, लुगडं नाही, पोटाला पिल्लू, तरी अंतर चुकलं नाही. माझा मधल्या जमिनीचा सिद्धांत मी त्यानंतर कुणाला फारसा सांगत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी साडेपाचला पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. तिथे सकाळचे आठ, तो खोपीत. काही फिरकलं नाही म्हणून कंटाळून त्यानं मला फट दाखवायला फोन लावला होता. तांडेल पडवीत चहा पीत होता, तोही वाकून बघायला लागला. तेवढ्यात फटीच्या डाव्या कडेनं हरीण आलं. पुतण्याचा आवाज एकदम श्वासाएवढा झाला.

"काका... वीस असेल?"

मी डोळे बारीक केले. मध्ये जमीन दिसत नव्हती, उजेड तिरका, हरीण लहान की मोठं तेही कळेना. मी विचार करत होतो. पण वाऱ्यावर आणि इंजिनावर मात करून बोलायची ज्याला जन्माची सवय, त्याला कुजबुजता येत नाही.

"दहा वाव! सोड रे!"

पडद्यावर एक पांढरी शेपटी वर झाली आणि झुडपांत गेली. थोडा वेळ नुसती फट दिसत राहिली. मग पुतण्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "काका, त्यांना विचारा, आता किती?"

तांडेलानं फोन हातात घेऊन नीट पाहिलं.

"आता वाव पुरूचे नाय."