बॅटमॅनला जरीचा काठ

शाळेत असताना मला इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत बी ग्रेड मिळाली. सरकारी परीक्षा, शिक्क्याचं प्रमाणपत्र. ए ग्रेडवाली मुलं पुढे आर्किटेक्ट वगैरे झाली, सी ग्रेडवाल्यांना पुन्हा कुणी काही विचारलं नाही. बी ग्रेडवाल्याकडे मात्र नातेवाइकांचं काही ना काही काम जन्मभर निघत राहतं. रुखवतावरची अक्षरं, मुंजीच्या मांडवातली पाटी, हळदीकुंकवाच्या दारातली रांगोळी. सुरुवात नेहमी एकाच वाक्यानं होते : "तुझा हात चांगला आहे."

ताईनं या वेळी ते वाक्य शेवटाला ठेवलं होतं. "ओजसला वाढदिवसाला सुपरहिरोंची पार्टी हवीय. बाहेर चौकशी केली मी. तो सजावटवाला सांगतोय तेवढ्यात पोराची मुंज उरकेल रे! आणि तुझा हात चांगला आहे."

मागून दाजींचा आवाज आला, "घरी केलेल्याची मजाच वेगळी असते." घरी केलेल्याची मजा वेगळी असते असं म्हणणारा माणूस घरी काही करत नाही, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

मुळात ही सुपरहिरो मंडळी घरगुती शिवणकामासाठी जन्माला आलेलीच नाहीत. सुपरमॅन १९३८ सालचा. अंगाला घट्ट कपडे आणि त्यावरून चड्डी ही कल्पना त्या काळच्या सर्कशीतल्या पहिलवानांवरून उचललेली. पहिलवानाच्या अंगावर ते कापड बसायचं, कारण आत पहिलवान असायचा. आमच्याकडे आत पहिलीतली पोरं होती, त्यातली निम्मी दात पडलेली. म्हणून पूर्ण पोशाखाचा नाद सोडून फक्त केप शिवायच्या असं ठरलं. पाहुण्या पोरांना लाल, उत्सवमूर्तीला बॅटमॅनची काळी. घरी जाताना ज्यानं त्यानं आपापली केप घेऊन जायची, म्हणजे परतभेटीचाही खर्च वाचला. ही ताईची आयडिया. खर्च वाचवण्यात तिचाही हात चांगला आहे.

कापडासाठी रविवार पेठेत कापडगंजात गेलो. साटीनचा पन्हा ४४ इंच. तो उभा मधोमध फाडला की ७० सेंटिमीटर कापडात दोन केप निघतात. चौदा पोरांना पाच मीटर.

"लाल साटीन, पाच मीटर," मी म्हटलं.

दुकानदारानं गठ्ठा ओढता ओढता विचारलं, "कुठल्या देवीला?"

"देवीला नाही, सुपरमॅनला."

"मग सहा घ्या. शिलाईत जातं."

ताईच्या गल्लीत ब्लाउज आणि फॉल-पिको करणाऱ्या एक काकू आहेत. साटीनचे धागे सुटतात, त्यामुळे पिकोशिवाय गत्यंतर नव्हतं. काकूंनी कापड चुरगाळून पाहिलं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "मापाची आणलीय का?"

"मापाची काय?"

"मागची कुठली असेल की. त्यावर बेतते."

आमच्या घराण्यात आजवर कुणी केप घातलेली नाही, हे सांगताना मला उगाचच कमीपणा वाटला. मग घेर किती, वर चुण्या घालायच्या की सपाट, हे झालं. "गळ्याला नाडी लावते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नाडी नको. पळताना कुणी मागून ओढली तर गळ्याला फास बसेल. वेल्क्रो लावा, ओढली की सुटते.

"मग अंगावर राहायची कशी?"

"ओढल्यावर सुटायलाच हवी."

काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढून माझ्याकडे नीट बघितलं. "सुटायलाच हवं असं शिवा म्हणून मला आजवर एकाही गिऱ्हाइकानं सांगितलेलं नाही."

खरा पेच काळ्या केपेचा. ताईच्या सासूबाईंनी कापड पाहिलं आणि हातातली भाजीची परात खाली ठेवली.

"वाढदिवसाला काळं?"

"काकू, बॅटमॅन आहे तो. काळंच घालतो."

"का?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं की हा माणूस १९३९ पासून गॉथम नावाच्या शहरात रात्री-अपरात्री गुंडांच्या मागावर हिंडतोय. अंधारात कुणाला दिसू नये म्हणून काळं.

"रात्री हिंडणाऱ्यानं तर दिसायलाच पाहिजे. गाड्या काय कमी आहेत?"

मग मी हुकमाचं पान काढलं. "बोरन्हाणाला ओजसला काळाच अंगरखा घातला होता की तुम्ही. फोटो आहे." काकू क्षणभर गप्प झाल्या. पण चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला फोटोनं गप्प करता येत नाही. "ते संक्रांतीचं. थंडीत काळं चालतं. आणि त्यावर हलव्याचे दागिने होते, नुसतं काळं नव्हतं." म्हणजे आक्षेप काळ्याला नसून नुसत्या काळ्याला होता. आषाढात हलव्याचे दागिने मिळणार नव्हते. शेवटी काकूंनीच कपाटातून एक विरलेली नारायणपेठी काढली, तिचा जरीकाठ कापून दिला, आणि फॉल-पिकोवाल्या काकूंनी तो केपेच्या तिन्ही बाजूंनी इतका सुरेख लावला की दोघींनी मिळून अर्धा तास त्याचंच कौतुक केलं. शिवताना पहिल्यांदा त्यांना आपण काय शिवतोय हे कळलं होतं.

छातीवरच्या ढाली मी स्वतः केल्या. सुपरमॅनच्या छातीवरची ढाल पंचकोनी असते, वरची बाजू सपाट. इंग्रजी एस त्यात वळवून-वाकवून बसवावा लागतो. आपल्या देवनागरीला मात्र ती बाजू जणू आयतीच : शिरोरेषा बरोबर ढालीच्या वरच्या कडेवर टेकते आणि अक्षर खाली लोंबतं. शौर्यचा 'श' तर असा बसला की मूळ चित्रकारानं पाहिला असता तर भाषा बदलली असती. अडचण मात्रांची. त्या शिरोरेषेच्या वर जातात, म्हणजे ढालीच्या बाहेर. ईराच्या 'ई'चा शेंडा पुठ्ठा वाढवून वर घेतला, तर ढालीला अँटेना आल्यासारखी दिसू लागली. तिलाच ती सर्वांत आवडली, तो भाग वेगळा. कैवल्यच्या नावाला तर दोन मात्रा. त्याही निगुतीनं कापल्या, पिवळ्यावर लाल चिकटवल्या आणि ढाल वाळत ठेवली. काकू चष्मा लावून जवळ गेल्या.

"अरे, जित्याजागत्या पोराच्या छातीवर 'कै.' काय लिहितोस!"

त्या ढालीवर मग नुसता 'क' आला. मात्रांच्या जागी दोन विजा काढल्या.

सजावटीत माझा खरा हातखंडा थर्मोकोलचा. ट्रान्सफॉर्मरला जोडलेली तापलेली तार हातात दिली की मी महिरप, कमळ, मोर, 'शुभविवाह' काहीही कापून देत असे. २३ मार्च २०१८ ला राज्य सरकारनं प्लास्टिक आणि थर्मोकोलबंदीची अधिसूचना काढली आणि माझी कला एका दिवसात बेकायदा झाली. पर्यावरणाच्या दृष्टीनं योग्यच झालं, माझी तक्रार नाही. फक्त पुठ्ठा तारेनं कापला जात नाही, त्याला कटर लागतं, आणि कटरनं मोर होत नाही, चौकोन होतात. सुदैवानं गॉथम शहर चौकोनीच आहे.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून खोकी आणली, उभी कापली, एकापुढे एक उंच-बुटक्या इमारती उभ्या केल्या. खिडक्यांना पिवळा घोटीव कागद. चिकटवायला काकूंनी कणकेची खळ करून दिली, कारण 'बाटलीतला गोंद कशाला संपवायचा'. त्यावर काळा पोस्टर कलर. आता आषाढात पुण्यात रंग वाळत नाही, तो फक्त कंटाळतो. ताईनं हेअर ड्रायर आणला. एक पोरगी इमारती फुंकून वाळवतेय, एक म्हातारी खळ ढवळतेय, मी जमिनीवर आडवा पडून खिडक्या डकवतोय. शेजारचे जोशी दारातून डोकावले आणि म्हणाले, "यंदा गणपतीची तयारी लवकर?"

रंग वाळल्यावर कळलं की सर्वांत उंच इमारतीवर, बाविसाव्या मजल्याच्या आसपास, आतून 'सूर्यफूल तेल १५ लिटर' उमटतंय. दुसरा हात दिला. अक्षरं थोडी लाजली, पण गेली नाहीत. दाजी म्हणाले, "असू दे, मोठ्या शहरात जाहिराती असतातच."

स्पायडरमॅनसाठी मात्र मी जीव ओतला होता. हॉलपासून बाल्कनीपर्यंत पांढऱ्या लोकरीचं जाळं : आधी आऱ्या ताणून घ्यायच्या, मग मधून बाहेर गोल गोल फिरत प्रत्येक आरीवर एक गाठ. प्रत्येक गाठ मी स्टुलावर उभा राहून मारली होती. रात्री उशिरा संपलं तेव्हा हवेनं ते हलकंसं डोलत होतं, आणि इंटरमिजिएटच्या परीक्षकांनी आपला पेपर पुन्हा तपासायला हवा असं मला मनापासून वाटलं.

सकाळी उठून हॉलमध्ये आलो तर वर काही नाही. कामाच्या मावशी लांब दांड्याचा झाडू कोपऱ्यात ठेवत होत्या.

"ताई, लई जळमटं झालती वरती. सगळी काढली," त्या आतल्या दिशेनं ओरडल्या. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "पाव्हणं यायच्यात ना आज. बरं दिसत न्हाई."

बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. गुंता झालेल्या लोकरीचा एक गोळा कोपऱ्यात टांगला आणि 'कोळी नुकताच बाहेर गेलाय' असं सांगायचं ठरवलं.

खाण्याचं फार सांगण्यासारखं नाही. ताईनं हिरव्या चटणीच्या सँडविचला हल्क सँडविच नाव दिलं, ते कुणी खाल्लं नाही. काकूंनी आषाढ तळायचा म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, त्या पहिल्या दहा मिनिटांत संपल्या.

पोरं जमली. केप घातल्या घातल्या प्रत्येकानं पुढच्याची केप ओढून पाहिली आणि वेल्क्रो चर्रर्र करून सुटतं हा शोध लागला. त्यानंतर सुपरहिरोंनी उडायचं, वाचवायचं वगैरे सोडून दिलं. तासभर नुसतं चर्रर्र. रेयांश नावाच्या गुबगुबीत पोराला हल्क व्हायचं होतं, म्हणून ताईनं कुठलासा व्हिडिओ बघून कोल्ड क्रीम, कॉर्नफ्लॉवर आणि खायचा हिरवा रंग कालवून त्याचं तोंड रंगवलं. पोरगं आरशात बघून खूश, त्याची आई फोटो काढून खूश.

आता दाजींची एंट्री. १९९७ मध्ये दूरदर्शनवर शक्तिमान सुरू झाला तेव्हा दाजी सहावीत होते. त्यांच्या मते सुपरहिरो एकच झाला. मरून ट्रॅकसूट, छातीवर चक्र. चक्रासाठी त्यांनी केकखालचा सोनेरी पुठ्ठा काढून घेतला होता, त्यामुळे केक पोळपाटावर आला. बेडरूमचं दार उघडून ते बाहेर आले, एक हात वर केला, आणि गोल फिरू लागले.

"हा कोण?" शौर्यनं विचारलं.

"शक्तिमान!"

"कुठल्या युनिव्हर्समधला?"

"दूरदर्शनच्या!" दाजी फिरता फिरता म्हणाले. चौथ्या-पाचव्या फेरीला वय आडवं आलं. ते डावीकडे कलले, आधार म्हणून हात टेकला तो सूर्यफूल तेलावर, आणि अख्खं गॉथम त्यांच्यासकट खाली बसलं. एक क्षण शांतता. मग ईरा ओरडली, "व्हिलन!" आणि चौदा लाल केप दाजींवर तुटून पडल्या. पार्टीतला हा भाग सर्वांत रंगला, असं नंतर सगळ्या आयांचं मत पडलं. दाजींचं विचारलं नाही.

केक कापण्याआधी काकू तबक घेऊन आल्या. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. बॅटमॅन पाटावर बसला, जरीचा काठ पाटाभोवती पसरला.

"मुखवटा काढ. कुंकू लावायचंय."

"बॅटमॅन मास्क काढत नाही आजी. त्याची ओळख सीक्रेट असते."

"माझ्यापासून कसलं सीक्रेट? न्हाऊमाखू मी घातलंय तुला."

ओजस हटेना. निरांजनातलं तूप आटत चाललं. शेवटी काकूंनी मुखवट्याच्या कपाळावर, दोन टोकदार कानांच्या बरोबर मधोमध, बोटानं कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या आणि ओवाळलं. त्यांचं समाधान होण्यासारखं ते दिसत होतं. काळ्यावर लाल उठून दिसलं एवढं मात्र खरं.

सगळे गेल्यावर मी सोफ्यावर पडलो होतो, तेवढ्यात ताईचा फोन वाजला. रेयांशची आई. हिरवा रंग निघत नव्हता. साबण झाला, फेसवॉश झाला, आणि उद्या सोमवार, शाळा. काकूंनी आतून सांगितलं, खोबरेल तेल चोळा आणि डाळीच्या पिठानं घासा. थोड्या वेळानं पुन्हा फोन : हिरवं कमी झालंय, पण आता उशीही हिरवी झालीय.

सकाळी फोटो आला. पोरगं गणवेशात, दप्तर पाठीला, केस चापून बसवलेले, आणि चेहरा धड हिरवा नाही, धड गोरा नाही, पावसाळी आभाळाच्या रंगाचा. ताई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्या फोनवरून कळवलं की काळजीचं कारण नाही. १९६२ साली पहिल्या अंकात हल्क मुळात राखाडीच होता, छापखान्यात तो रंग सारखा येईना म्हणून दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केला. त्या हिशेबानं तुमचा मुलगा आता जास्त अस्सल आहे.

मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अजून यायचंय.