आधी खेळायचं की नाही ते ठरवा

१४ सप्टेंबर २०२५, रविवार. दुबईत सूर्यकुमार यादवने षटकार मारून आशिया चषकातला पाकिस्तानविरुद्धचा सामना संपवला तेव्हा इथे माँट्रियालमध्ये दुपार होती. खेळपट्टीवर तो आणि शिवम दुबे, दोघेही मुंबईचे. दोघं सरळ आत निघून गेले आणि त्यांच्यामागे दार बंद झालं. पाकिस्तानचे खेळाडू हात मिळवायला म्हणून मैदानात थांबले होते.

दहा मिनिटांत डोंबिवलीहून धाकट्या भावाचा फोन. "दादा, पाहिलंस ना? हेच पाहिजे होतं." मी म्हटलं, मला नाही आवडलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "तुला तिथे बसून काय जातंय!"

त्याच्या त्या वाक्याला वजन आहे. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यांत तिघे डोंबिवलीचे होते. भागशाळा मैदानावर त्यांना ठेवलं होतं तेव्हा भाऊ तिथे रांगेत उभा होता. मी ते सगळं फोनवर पाहिलं. आमच्या दोघांच्या मतांत अंतर पडलं त्याची सुरुवात कदाचित तिथूनच झाली असेल.

त्या आठवड्यात माझ्या डोक्यात मात्र हॉकी होती. माँट्रियालचे एकेकाळचे गोलरक्षक केन ड्रायडन ५ सप्टेंबरला गेले आणि शहरभर त्यांचीच चर्चा चालली होती. हॉकी म्हणजे बर्फावरची, आणि माँट्रियालमध्ये हॉकी म्हणजे कॅनेडियन्स. या संघाचं खरं वैर बॉस्टनच्या ब्रुइन्सशी. १९२९ ते २०१४ या काळात प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, हे दोघे ३४ वेळा एकमेकांसमोर आले. एनएचएल या त्यांच्या लीगमध्ये दुसऱ्या कुठल्याही दोन संघांची इतक्या वेळा गाठ पडलेली नाही. त्यांतल्या २५ मालिका माँट्रियालने जिंकल्या. १९४६ ते १९८७ या काळात तर बॉस्टन लागोपाठ १८ वेळा हरलं. बापाने पाहिलेला पराभव मुलानेही पाहायचा, असं चाललं होतं. १९८८ला ते एकदाचं संपलं.

ड्रायडन याच वैरातून वर आले. १९७१चा बॉस्टनचा संघ म्हणजे बॉबी ऑर, एका हंगामात ७६ गोल करणारा फिल एस्पोझिटो, आणि त्या वर्षी ५७ विजय. माँट्रियालने त्यांच्यापुढे गोलरक्षक म्हणून उभा केला मॅकगिल विद्यापीठात कायदा शिकणारा एक पोरगा. लीगचे सहाच सामने खेळलेला. दुसऱ्या सामन्यात बॉस्टन ५–१ने पुढे होतं. माँट्रियालने तो ७–५ने जिंकला आणि पुढे मालिकाही. याच ड्रायडनला १९६४मध्ये आधी बॉस्टनने निवडलं होतं आणि लगेच माँट्रियालला देऊन टाकलं होतं. बॉस्टनच्या लोकांना ते अजून टोचतं.

१९७९च्या बॉस्टनविरुद्धच्या मालिकेतल्या सातव्या, शेवटच्या सामन्याचं तर इथे कुणाही म्हाताऱ्याला विचारा. शेवटची अडीच मिनिटं उरलेली, बॉस्टन एका गोलने पुढे, आणि त्यांचा एक खेळाडू जास्त बर्फावर उतरला. शिक्षा झाली, गी लाफ्लरने बरोबरी साधली, जादा वेळेत इव्हॉन लाम्बेरने संपवलं. ऐकताना वाटतं कालची गोष्ट आहे.

मी हे सगळं का सांगतोय? प्लेऑफची मालिका म्हणजे सातपैकी चार जिंकायचे सामने. दोन आठवडे तीच माणसं एकमेकांना मैदानाच्या कडेच्या फळीवर आदळतात, दात पडतात, टाके पडतात. रोजच्या सामन्यानंतर कुणी कुणाशी हात मिळवत नाही. मालिका संपली, एकाचा हंगाम तिथेच संपला, की मगच दोन्ही संघ रांगेने समोरासमोर येतात आणि प्रत्येक जण प्रत्येकाचा हात हातात घेतो. हरलेलाही. हा प्रकार मी पहिल्यांदा मे २०१४मध्ये ऑफिसातल्या मंडळींबरोबर टीव्हीवर पाहिला, बॉस्टनमधला सातवा सामना. त्या रांगेत बॉस्टनच्या मिलान लुचिचने हात मिळवता मिळवता धमकी दिली आणि कॅमेऱ्याने ते टिपलं. माझ्याबरोबरचे लोक सामना जिंकल्याच्या आनंदापेक्षा त्यावरच जास्त भडकले. आदल्या सामन्यांतल्या धक्काबुक्कीबद्दल त्यांना काही वाटलं नव्हतं. त्या रांगेत धमकी दिली म्हणजे मर्यादा ओलांडली, असं त्यांचं म्हणणं.

एक फोटो आहे, १९५२च्या एप्रिलमधला. बॉस्टनविरुद्धचा सातवा सामना. माँट्रियालचा मोरिस रिशार मधल्या सत्रात जोरदार धडक बसून बेशुद्ध पडला होता. टाके घालून परत आला आणि शेवटच्या मिनिटांत निर्णायक गोल केला. नंतरच्या रांगेत तो उभा आहे, भुवईवर पट्टी, चेहऱ्यावरून रक्त ओघळतंय. समोर बॉस्टनचा गोलरक्षक जिम हेन्री, डोळे काळेनिळे. हरलेला हेन्री किंचित झुकून त्याचा हात हातात घेतोय. या दोघांची मैत्री वगैरे काही नव्हती. पण जे व्हायचं ते इथे झालं, ते बाहेर न्यायचं नाही, एवढा करार त्या हातात दिसतो.

हा फोटो मी भावाला पाठवला. त्याचं उत्तर आलं: "दादा, या गोलकीपरच्या घरचं कुणी मेलं नव्हतं."

बरोबर आहे. मी दोन दिवस त्यावर विचार करत राहिलो. फेब्रुवारीत इथल्याच बेल सेंटर या हॉकीच्या स्टेडियममध्ये कॅनडा-अमेरिका सामन्याआधी अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली गेली होती, पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या होत्या. लोक खरोखर दुखावलेले होते. पण ते दुखणं आयातशुल्काचं आणि एका अध्यक्षाच्या बोलण्याचं होतं. त्याची तुलना पहलगामशी करणं मला शोभणार नाही. हॉकीचा रिवाज उचलून दुबईत ठेवता येत नाही, हे मी मान्य करतो.

मी त्याला चेन्नईची आठवण करून दिली. ३१ जानेवारी १९९९, सचिनच्या १३६ धावा, पाठ दुखत असताना काढलेल्या, आणि तरी आपण १२ धावांनी हरलो. चेपॉकच्या प्रेक्षकांनी उभं राहून पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या. त्याच महिन्यात दिल्लीत कोटलाची खेळपट्टी उखडली गेली होती, तशी १९९१मध्ये आपल्या वानखेडेची. देश दोन्हींनी बनलेला आहे, मी म्हटलं. भाऊ म्हणाला, "टाळ्या वाजवल्या आणि चार महिन्यांत कारगिल झालं." यावरही माझ्याकडे उत्तर नाही. टाळ्यांनी युद्ध थांबत नाही. पण त्या टाळ्यांमुळे कारगिल झालं असंही नाही, एवढंच मी म्हणू शकतो.

मग मला खटकतं काय? आपण खेळलो, हे खटकतं. सरकारने ऑगस्टमध्ये धोरण जाहीर केलं: पाकिस्तानशी दोघांचीच मालिका नाही, पण अनेक देशांच्या स्पर्धेत खेळायला हरकत नाही. आशिया चषकात दोघांना एकाच गटात टाकलं आणि दोन आठवड्यांत तीन रविवारी तीन सामने झाले. तिकिटं विकली गेली, जाहिराती विकल्या गेल्या, गुण घेतले, चषक जिंकला. फक्त हात दिला नाही. काही गोष्टी खिलाडूपणाच्या वर असतात असं सूर्यकुमार म्हणाला. मला ते पूर्ण पटतं. पण मग त्या सामन्याच्याही वर असायला हव्यात. दुःखाची किंमत द्यायची तर ती सगळ्यांत स्वस्त जागी का द्यायची? आणि ती द्यायला अकरा पोरांना का पुढे करायचं, क्रिकेट मंडळाने का नाही द्यायची?

अंतिम सामन्यानंतर मोहसिन नक्वींच्या हातून चषक न घेणं मात्र मला योग्य वाटलं. ते पाकिस्तानचे गृहमंत्री आहेत. राज्यकर्त्याला नकार देणं आणि आपल्यासारखाच चेंडू टाकणाऱ्या, झेल सोडणाऱ्या खेळाडूला नकार देणं, या दोन गोष्टी मी एक मानत नाही.

खरा नकार त्याआधी जुलैमध्ये झाला होता, आणि त्याची चर्चा फारच कमी झाली. इंग्लंडमध्ये निवृत्त खेळाडूंची स्पर्धा होती. युवराज सिंगच्या संघाने साखळीत पाकिस्तानविरुद्ध खेळायला नकार दिला. उपांत्य फेरीत पुन्हा पाकिस्तानच समोर आलं, तेव्हा त्यांनी उपांत्य सामनाही सोडला. पाकिस्तान न खेळता अंतिम फेरीत गेलं आणि आपले लोक घरी आले. जिंकायची संधी सोडून, पैसे सोडून.

पुढच्या रविवारी मी भावाला हेच सांगितलं. म्हटलं, तुझा राग मला पटतो, तो पूर्ण चालव. खेळूच नका. आणि ज्या दिवशी खेळायचं ठरवाल त्या दिवशी शेवटी रांगेत उभं राहा. तो बराच वेळ बोलला नाही. मागे भावजयीचा कुकर शिट्टी देत होता. मग म्हणाला, "न खेळायचं मला चालेल. पण मंडळ ऐकणार आहे का?"

"माहीत नाही."

"मग तसं लिही तरी."