आधी काख बघावी

वापरलेले कपडे विकत घेऊन पर्यावरण वाचवायचं हे ठरवायला फार वेळ लागत नाही. ते अमलात आणायला मात्र नाक, डोळे, टेप आणि घरच्यांसमोर टिकाव धरण्याची चिकाटी लागते. यातल्या पहिल्या तीन गोष्टी सरावाने जमतात.

खरं तर हे मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. भाचीने ठरवलं आणि मला कळवलं. तिने माझं कपाट उघडलं, बराच वेळ आत बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, एका सुती टी-शर्टमागे साधारण २७०० लिटर पाणी लागतं, माहितीये? एक माणूस अडीच वर्षं पिईल एवढं." मी घाबरून टी-शर्ट मोजायला घेतले आणि लगेच थांबले. माझ्या कपाटात एक मध्यम आकाराचं धरण होतं. भाची पुढे बोलतच होती. २००० ते २०१५ या काळात जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळजवळ दुप्पट झालं आणि एकेक कपडा अंगावर चढण्याचं प्रमाण मात्र घसरलं. कपड्यांसाठी वापरलेल्या मालातला १ टक्काही पुन्हा नवा कपडा होऊन येत नाही. चिलीच्या अटाकामा वाळवंटात टाकून दिलेल्या कपड्यांचे डोंगर उभे आहेत. हे सगळं ती माझ्याकडे अशा नजरेने बघत सांगत होती, की त्या डोंगरावरचा जांभळा स्कर्ट मीच टाकलाय अशी माझी खात्री पटली.

भाचीपुढे मान डोलावणं सोपं होतं. आत्यापुढे ते चाललं नाही.

"म्हणजे कुणाच्या तरी अंगातून निघालेलं तू अंगात घालणार?"

"अगं आत्या, हॉटेलातल्या चादरी नाही का आपण वापरत?"

"मी चादर घरून नेते."

"धुऊन घालणार आहे मी."

"आणि त्या माणसाला काही झालं असेल तर?"

"काय होणार?"

"काहीतरी झालं म्हणूनच कपडे विकायला काढले ना!"

माणसं कपडे का विकतात, तर बारीक होतात, जाड होतात, घर बदलतात, नोकरी बदलतात. कितीतरी वेळा तर कपडा घेतानाच चुकलेला असतो आणि तो दुकानाचा टॅग मिरवत कपाटात पडून राहतो, हे मी आत्याला समजावलं. तरी पटेना, तेव्हा मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, तू ज्याला नवा कोरा म्हणतेस तो ड्रेस ट्रायल रूममध्ये तुझ्याआधी कितीजणींनी घालून बघितलेला असतो, ते कोण सांगणार? आत्या गप्प झाली. तेव्हापासून ती नव्या कपड्यांच्या दुकानातही जात नाही. पर्यावरणाचं काम माझ्यापेक्षा तिच्याच हातून जास्त झालं आहे.

आता दुकान. नव्या दुकानात एकच शर्ट सगळ्या मापांत टांगलेला असतो, आणि आपल्या मापाचा नसला तर आत जाऊन आणून देणारं माणूस असतं. इथे प्रत्येक कपडा एकुलता एक. आवडला तो बसत नाही, बसला तो आवडत नाही, आणि आवडून बसलेल्याला चेन नसते. काउंटरवरच्या मुलीला मी सुरुवातीला विचारलं, "यात मीडियम आहे का?" तिने ज्या करुणेने माझ्याकडे बघितलं, त्यानंतर मी हा प्रश्न पुन्हा कुणाला विचारला नाही.

कारण मीडियम ही चीज अस्तित्वातच नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या दशकांतले कपडे एका दांडीवर शेजारी शेजारी टांगले, की हे लख्ख दिसतं. एका लेबलवर एम आहे आणि आत मी दोनदा मावते. दुसऱ्यावर एक्सएल आहे आणि त्यात माझा एक हात जातो. बायकांच्या मापांना शिस्त लावायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. अमेरिकी सरकारने १९३९-४० मध्ये जवळजवळ १५,००० बायकांची मापं घेतली, एकेकीची तब्बल ५९! (अंगावर टेप लावायला ५९ जागा असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं.) त्यावर आधारलेली प्रमाण मापं १९५८ साली जाहीर झाली आणि १९८३ मध्ये मागे घेतली गेली. बायका त्या तक्त्यात बसेनात. दरम्यान कंपन्यांना शोध लागला की आकडा तोच ठेवून कपडा जरा सैल शिवला, तर गिऱ्हाईक खूश होऊन दोन घेतं. त्यामुळे जुन्या काळचा कपडा हातात आला, की लेबलवर आपलाच आकडा असतो आणि कपडा खांद्यावर अडकून बसतो. आपण जाड झालो म्हणून हळहळायचं कारण नसतं. मधल्या काळात आकडाही सुखवस्तू झालेला असतो.

म्हणून लेबल वाचणं सोडून टेप बाळगायची. आपल्या अंगाला छान बसणारा एक शर्ट घरी सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं अंतर, खांदा, बाही आणि उंची मोजून ठेवायची, आणि दुकानात कपडा तसाच पसरून ताडून बघायचा. कंबर आत घेता येते, उंची कमी करता येते, बाही आखूड होते. खांदा मात्र जुळलाच पाहिजे. खांदा दुरुस्त करायचा म्हणजे मुंढा उसवून अख्खी बाही काढायची आणि पुन्हा बसवायची. माझ्या शिंपीकाकांकडे असं एक काम घेऊन गेले तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. काकांनी चष्मा काढला, की आपण कपडा उचलून घरी यायचं असतं.

माप जुळलं की तपासणी. सोनार दागिना कसाला लावतो, तसा इथे कपडा काखेला लावावा लागतो. कपड्याचा सगळा पूर्वेतिहास काखेत लिहिलेला असतो. आधी पिवळट डाग बघायचे, मग कुणी बघत नाहीसं पाहून नाक न्यायचं. सुती कपड्यातला घामाचा वास बहुधा धुतल्यावर जातो. पॉलिस्टर तो धरून ठेवतं. दुकानात थंड असताना काहीच कळत नाही, आणि अंगात घातल्यावर, अंगाची ऊब लागली की आधीच्या मालकाची ओळख होते. तीही नेमकी भर मीटिंगमध्ये.

काखेनंतर कॉलरची घडी, कफची कड, मग चेन दोनतीनदा वरखाली करून बघायची. बटण तुटलं असेल तर हरकत नाही, पण काज फाटलं असेल तर विचार करायचा. त्यानंतर कपडा उजेडापुढे धरायचा, म्हणजे विरलेली जागा आणि कसरीने पाडलेली बारीक भोकं दिसतात. जीन्स असेल तर नजर थेट मांड्यांच्या आतल्या बाजूला न्यायची. खिशांचे कोपरे फाटू नयेत म्हणून तिथे धातूच्या रिव्हेट मारायचं पेटंट जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना १८७३ सालीच मिळालं. मांडीला मांडी घासते त्या जागेवर मात्र मानवजातीला अजून उपाय सापडलेला नाही. जीन्स ताणली जाणारी असेल तर ती ओढून सोडायची. १९५८ मध्ये ड्युपाँट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलेला हा ताणला जाणारा धागा उन्हाने, उष्णतेने आणि वयाने थकतो. ओढल्यावर कपडा परत जागेवर येत नसेल, तर तो निवृत्त झाला आहे असं समजून दांडीवर परत ठेवायचा.

हे सगळं भर दुकानात करायचं असतं. पहिल्यांदा मी लाजत लाजत, कोपऱ्यात तोंड करून शर्टाचा वास घेत होते. मागे वळले तर एक चांगल्या घरच्या दिसणाऱ्या बाई एका कोटात डोकं घालून उभ्या. आमची नजरानजर झाली. "डांबराच्या गोळ्या," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "अत्तर." दोघींनी आपापलं परत टांगलं.

एवढ्या चाळणीतून जो कपडा उरतो, तो मात्र नव्यापेक्षा खरा निघतो, असं माझं स्पष्ट मत आहे. नव्या शर्टचं रूप पहिल्या धुण्यापर्यंतच खरं. तो आटणार, रंग सोडणार की त्यावर गोळे उठणार, हे आपण पैसे मोजून, घरी नेऊन शोधून काढायचं असतं. जुना शर्ट यातलं जे काही व्हायचं ते होऊनच आपल्यापुढे येतो. वीसदा धुऊनही ज्याची शिवण तिरकी झाली नाही, तो एकविसाव्या वेळेला दगा देणार नाही. शिवाय आतून उलटा करून बघावा. जुन्या कपड्यांच्या शिवणीत बोटभर माया सोडलेली सापडते, कारण ते पुढे कुणीतरी सैल करून घालणार हे शिवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. हल्लीच्या शिवणीत टाका संपतो तिथे कापडही संपतं.

ऑनलाइन वापरलेले कपडे घेण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण वास फोनवर येत नाही. तिथे "फक्त एकदाच घातला आहे" या वाक्याला प्रचंड बरकत आहे. तो एकदा किती वर्षं चालला, हे कुणी लिहीत नाही. विकणाऱ्याकडून मापं मागवावीत आणि काखेचा फोटो मागावा. फोटोला उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजावं.

या प्रकारात खरी कसोटी लागते ती मनाच्या हावरेपणाची. नवा कपडा घेताना निदान थोडं अपराधी वाटतं. इथे उलट पुण्य लागतं. स्वस्त आहे, जुना आहे, आपण नाही घेतला तर बिचारा वाळवंटात जाईल, या भावनेने मी काय काय वाचवलं! ज्या थंडीत मी कधीच जाणार नाही त्या थंडीचा कोट. लाल मखमली वेस्टकोट, ज्याच्याखाली काय घालतात हे मला अजून उमगलेलं नाही. भाचीने एकदा ही बचावमोहीम पाहिली आणि म्हणाली, "मावशी, सगळ्यात पर्यावरणपूरक कपडा तो असतो, जो तुझ्याकडे आधीपासून आहे." हे तिने त्या धरणापुढे उभी असताना सांगितलं असतं, तर माझी कितीतरी धावपळ वाचली असती. आता मी नियम केला आहे की ज्यावर घालायला घरात काही नाही आणि जो घालून जायला कुठे जागा नाही, तो कपडा अनाथ असला तरी दत्तक घ्यायचा नाही.

घरी आणलेला कपडा आधी वेगळा धुवायचा. वास हट्टी असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवायचा आणि रंग पक्का असेल तर उन्हात टाकायचा. लोकरीचा असेल तर कसरीच्या अळ्या मरण्यासाठी पिशवीत घट्ट बांधून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचा. ही शेवटची सूचना पाळण्याआधी घरात सांगून ठेवावं. आत्याने बर्फ काढायला फ्रीजर उघडला आणि तिच्या हाताला एक बाही लागली. पुढचा संवाद इथे देत नाही.

एवढं सगळं झाल्यावर कपाट मिटेना, तेव्हा माझे जुने कपडे घेऊन मी त्याच दुकानात गेले. काउंटरवर तीच मुलगी. तिने पिशवीतून एकेक कपडा काढला आणि थेट काख बघितली. मग कॉलर. मग कपडा उजेडापुढे धरला. मी स्वतःच शर्टच्या आत उभी आहे असं मला वाटायला लागलं. "हे नाही चालणार," ती म्हणाली. "हेही नाही. हे कशाने विटलंय?" अर्ध्याहून अधिक पिशवी तिने घडी घालून परत दिली, तीही माझ्यापेक्षा चांगली घडी घालून. जे ठेवून घेतलं ते सगळं मला कधी शोभलं नाही म्हणून बाजूला पडलेलं होतं. आवडीचे म्हणून घातलेले कपडे मी घालून घालून संपवले होते. म्हणजे अटाकामाच्या डोंगरावर माझं निदान फारसं काही नसणार, या विचाराने जरा बरं वाटलं.

पुढे कधीतरी त्या दुकानात गेले तर माझा निळा शर्ट दांडीवर होता. एक बाई तो हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, शर्ट उचलला आणि नाक काखेकडे नेलं. मला इतका राग आला म्हणून सांगू! दुसऱ्यांच्या काखेत मी इतके दिवस बिनदिक्कत नाक घालत होते, पण ही माझी काख होती. त्यांनी कपाळाला आठी घातली आणि शर्ट परत टांगायला लागल्या. मला राहवेना. जवळ जाऊन म्हटलं, "अहो, घ्या ना. चांगला धुतलाय. आणि बाजूला बोटभर माया पण आहे."

"तुम्हाला हो काय माहीत?" त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, नजर खांद्यांवर जरा जास्त रेंगाळली, आणि म्हणाल्या, "मग मला आखूड होईल हो."