गेट असताना स्पेसशिप कशाला म्हणे!

गेले काही दिवस तो मेसेज सगळीकडे फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, कॉलेजच्या ग्रुपवर आला, आणि काल तर सदाशिव पेठेतल्या मावसभावाने खाली 'अगदी बरोबर' असं लिहून पाठवला. त्याने सिरीजचा एक एपिसोडसुद्धा बघितलेला नाहीये. मेसेज 'स्टारगेट' ह्या सायफाय सिरीजबद्दल आहे, म्हणजे 'एसजी-वन' आणि 'अटलांटिस' दोन्ही धरून, आणि म्हणणं साधारण असं की ह्यांचं सायन्स शुद्ध भंकस आहे. गेटमधून, म्हणजे त्यातल्या त्या मोठ्या गोल कड्यातून, पावलात दुसऱ्या ग्रहावर जाता येतं तर स्पेसशिप कशाला. गेट म्हणजे दरवाजाच, मग त्याच दरवाज्याने परत का येता येत नाही आणि पलीकडची हवा-पाणी इकडे का येत नाही. गेट एका वेळी जास्तीत जास्त ३८ मिनिटंच उघडं राहतं हा नियम लेखकाला वाटेल तेव्हा मोडतो. सिरीजमधली यानं प्रकाशापेक्षा जोरात जातात म्हणजे आईनस्टाईन खोटा. पण वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन लांबच्या जागा जोडणारा बोगदा, मात्र आईनस्टाईनने १९३५ लाच सिद्ध केलंय, ह्यांनी फक्त ते बिघडवलं. आणि शेवटी, सगळ्या ग्रहांवर इंग्रजी कसं काय बोलतात.

(स्वारगेटचे जोक मारून झाले असतील तर पुढे वाचा.)

आधी दरवाज्याचं घेऊ कारण बाकीचा घोळ तिथूनच सुरू होतो. गेट हा दरवाजा नाहीचे. उंबरठ्यावर आपण अर्धे आत अर्धे बाहेर उभे राहून शेजारच्या काकूंशी तासभर बोलू शकतो, गेटमध्ये ते जमत नाही, कारण त्या पाण्यासारख्या पडद्याच्या आत जेवढा भाग गेला तेवढा सुटा होऊन गेटच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, साठतो, आणि पूर्ण वस्तू आत गेली की मगच ती पुढे पाठवली जाते, पलीकडचं गेट तिला परत जोडून बाहेर काढतं. आणि हे सगळं एकाच दिशेने, ज्याने डायल केलं, म्हणजे फोनसारखा पलीकडच्या गेटचा नंबर लावला, त्याच्याकडून पलीकडे. रेडिओ तेवढा दोन्हीकडून चालतो, म्हणून तर पलीकडे गेलेली टीम उघड्या गेटमधून बेसशी बोलू शकते पण परत यायचं तर गेट बंद करून त्यांना स्वतः डायल करावं लागतं.

हे मी मनचं सांगत नाहीये, ह्याच्यावर अख्खा एपिसोड आहे. 'अटलांटिस'च्या पहिल्याच सीझनमधला 'थर्टी-एट मिनिट्स' बघा. अंतराळात तरंगणाऱ्या गेटमध्ये एक छोटं यान, ज्याला ते जंपर म्हणतात, शिरताना बाजूचं इंजिन आत दुमडतच नाही आणि यान अर्ध्यात अडकतं. पुढचे दोघं पायलट गायब, मेले नाहीयेत, बफरमध्ये आहेत. मागच्या अर्ध्यात बाकीची टीम जिवंत, त्यात टीमप्रमुख शेपर्डच्या मानेला एक भयानक किडा चिकटलेला. गेट बंद झालं की यान मधोमध कापलं जाणार आणि मागचे सगळे व्हॅक्यूममध्ये. बरं इंजिन कसंबसं आत गेलं तरी यान पुढे सरकणार कसं, तर मागचं दार उडवून आतली हवा बाहेर सोडतात आणि त्या धक्क्याने यान पुढे ढकललं जातं. नववीच्या पुस्तकातला न्यूटनचा तिसरा नियम. ज्यांनी भंकस म्हणून फॉरवर्ड केलं त्यातल्या किती जणांना तो आठवतोय देव जाणे.

'एसजी-वन'च्या पाचव्या सीझनमध्ये टीममधला टील्क असाच बफरमध्ये अडकतो, आणि नवीन वर्महोल उघडलं तर तो पुसला जाणार, म्हणून पृथ्वीचं गेट वापरायचीच बंदी येते. का अडकतो, तर पृथ्वीवरच्या गेटला मूळ डायल करायचं यंत्र, डीएचडी, जोडलेलं नाहीये, अमेरिकन एअर फोर्सने स्वतःच्या कॉम्प्युटरवर जुगाड केलंय आणि ते जुगाड गेटचे अर्धेअधिक एरर सिग्नल सरळ गिळून टाकतं. हा इतका खरा इंजिनिअरिंगचा प्रॉब्लेम आहे की हिंजवडीत काम करणाऱ्या कोणालाही तो एपिसोड बघताना आपला सर्व्हर रूम आठवेल.

पलीकडची हवा इकडे न येण्याचं कारण हेच, वन-वे. इकडची हवा तिकडे का सुटत नाही हा प्रश्न मात्र वाजवी आहे. अंतराळातल्या गेटला डायल केलं तरी अटलांटिस शहरातल्या गेटच्या हॉलमधले कागदसुद्धा उडत नाहीत. तिथे गेट हुशार आहे असं धरून चालायचं, मेसेजवाल्याला ह्याचे अर्धे मार्क देऊ.

आता मुख्य मुद्दा, गेट आहे तर स्पेसशिप कशाला. मेट्रो वनाझ ते रामवाडी धावते म्हणून मार्केट यार्डात कांद्याचे ट्रक यायचे थांबले का? स्टेशन आहे तिथेच उतरता येतं आणि डब्याच्या दारातून मावेल तेवढंच नेता येतं, बास. गेट दोन्ही टोकांना असावं लागतं, एका बाजूला नसेल तर तुम्ही कितीही डायल करा. वर गेटचा व्यास सुमारे २२ फूट, त्यातून माणसं जातात, सामानाच्या ट्रॉल्या जातात, जंपर जातं कारण तो मुळात त्या मापाचाच बनवलाय, पण युद्धनौका जात नाही. 'एसजी-वन'च्या नवव्या सीझनमध्ये ओराय नावाच्या शत्रूंना मोठी यानं दुसऱ्या गॅलक्सीतून आणायची असतात तेव्हा त्यांना प्रचंड आकाराचं वेगळं सुपरगेट उभारावं लागतं आणि ते चालवायला ब्लॅकहोलची एनर्जी लागते. म्हणजे लेखकांना हा प्रश्न पडला होता, त्यांनी उत्तरही दिलंय, आपण ते बघितलं नाही एवढंच.

आणि गेट अडवणं किती सोपं आहे बघा. शत्रूने तुमच्या गेटला डायल करून ठेवलं की तुम्हाला बाहेर डायलच करता येत नाही, 'अटलांटिस'मधले रेथ नावाचे शत्रू नेमकं हेच करतात, आणि मग जे काय करायचं ते यानाने. उलट बाजूने 'एसजी-वन'च्या सहाव्या सीझनमधला 'मेमेंटो' घ्या. पृथ्वीचं पहिलं मोठं यान प्रोमिथियस, त्याचं हायपरड्राइव्ह, म्हणजे प्रकाशापेक्षा जोरात नेणारं इंजिन, नाक्वाद्रिया नावाच्या अस्थिर पदार्थावर चालतं, ते बिघडतं आणि यान घरापासून लांब एका अनोळखी ग्रहापाशी अडकतं. मग काय करतात, तर त्या ग्रहावर पुरलेलं गेट शोधत बसतात! यान बिघडलं की गेट, गेट अडलं की यान, सिरीजची निम्मी गंमत त्यातच आहे.

दोन्हींचा स्पीडही वेगळा. गेटमधून गॅलक्सीच्या आत काही सेकंदात पोचता येतं. डेडॅलस हे यान पृथ्वीवरून पेगॅसस गॅलक्सीत, म्हणजे सुमारे ३० लाख प्रकाशवर्षं, साधारण १८ दिवसांत जातं, भागाकार केला तर प्रकाशाच्या ६ कोटी पट वेग. तोच प्रवास गेटने करायचा तर आठवा शेवरॉन, म्हणजे नंबरात एक जास्तीचं चिन्ह, लागतो आणि त्याला झेडपीएम नावाच्या सोर्ससारखी अफाट पॉवर, जी बहुतेक वेळा नसतेच. म्हणून मग कार्टर आणि मॅके ह्या सिरीजमधल्या दोन शास्त्रज्ञांनी दोन्ही गॅलक्सींमधली १७-१७ अशी ३४ गेटं मधल्या रिकाम्या जागेत ओळीने ठेवून एकाच्या बफरमधून दुसऱ्यात असं पास करत न्यायची आयडिया काढली, अर्ध्या तासात पोच. माणसांसाठी झकास, पण मोठं यान त्यातूनही जात नाही हे पुन्हा सांगायला नको.

यानांचा स्पीड एपिसोडच्या गरजेप्रमाणे वरखाली होतो हे मात्र मान्य, क्लायमॅक्सला यान नेमकं वेळेवर पोचतं. मेसेजवाल्याने हा मुद्दा घ्यायला हवा होता, तो सोडून भलतेच घेतलेत.

३८ मिनिटांचं. आकडा त्यांनी ठरवलेला आहे, फिजिक्समधून आलेला नाही, ठीक. पण तो मोडतो तेव्हा प्रत्येक वेळी मागे कुठलातरी राक्षसी एनर्जी सोर्स असतो. 'एसजी-वन'च्या दुसऱ्या सीझनमध्ये 'अ मॅटर ऑफ टाइम'मध्ये पलीकडच्या ग्रहाशेजारी ब्लॅकहोल तयार होतं, गेट बंदच होत नाही, उलट तिकडचं गुरुत्व इकडे झिरपायला लागतं आणि पृथ्वीचं गेट ठेवलेल्या डोंगराखालच्या बेसमध्ये घड्याळं बाहेरच्यापेक्षा हळू चालायला लागतात. सहाव्या सीझनला अनुबिस ह्या खलनायकाचं हत्यार पृथ्वीचं गेट असंच सतत उघडं ठेवून त्यात एनर्जी भरत राहतं. नियम असा आहे की पॉवर असेल तर वाढतो, आणि तो त्यांनी पाळलाय.

राहिला आईनस्टाईन. १९३५ ला आईनस्टाईन आणि रोझेन ह्यांनी जो पूल मांडला त्यातून माणूस सोडा, प्रकाशही पार जाऊ शकत नाही, तो त्याआधीच मिटतो, हे फुलर आणि व्हीलर ह्यांनी १९६२ मध्ये दाखवलं. पार जाता येईल असं वर्महोल कसं असावं लागेल ते मॉरिस आणि थॉर्न ह्यांनी १९८८ ला लिहिलं, पण त्यासाठी निगेटिव्ह एनर्जीवालं मॅटर लागतं आणि तसं मॅटर, गेट उघडं ठेवण्याएवढं, कोणाच्याही हातात नाही. आयुकात शाळेच्या पोरांसाठी शनिवारची लेक्चरं असतात, तिथल्या कुठल्याही पोराला विचारा, 'सिद्ध केलं' आणि 'गणितात बसतं' ह्यातला फरक तो सांगेल. आणि यानं प्रकाशापेक्षा जोरात जातात म्हणून आईनस्टाईन खोटा ठरत नाही, कारण ती आपल्या अवकाशात पळतच नाहीत, हायपरस्पेसमध्ये शिरतात, आपल्या अवकाशात आली की साध्या इंजिनांवर प्रकाशापेक्षा हळूच जातात. हायपरस्पेस खरं आहे का, तर नाही, पण ते त्यांनी सरळ बनवलेलं आहे आणि आईनस्टाईनच्या नावावर खपवलेलं नाही, ते काम मेसेजवाल्याने केलंय.

इंग्रजीचा मुद्दा बरोबर आहे. सिरीज ज्याच्यावरून आली त्या १९९४ च्या पिक्चरमध्ये डॅनियल नावाचा भाषातज्ज्ञ बिचारा बसून त्या लोकांची भाषा शिकतो, सिरीज सुरू झाल्यावर ते सगळं गुंडाळलं आणि कुठल्याही ग्रहावर उतरा, गावचा पाटीलसुद्धा फाडफाड इंग्रजी.