आधी मशीन कॅलिब्रेट करा, मग माणसाला दारुडा म्हणा

तीन दिवस झाले तरी डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहितोय. चाकणला एका गोडाऊनवर ट्रान्सपोर्ट सुपरवायझर आहे मी, कॉन्ट्रॅक्टरकडून. पहाटे सहाच्या शिफ्टला गेटवर ड्रायव्हर लोकांची ब्रेथ टेस्ट होते, तिथे मला रोज उभं राहावं लागतं. सोमवारी आमचे एक ड्रायव्हर मामा, वय ५४, गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात दारूला हात न लावलेला माणूस, त्यांनी मशीनमध्ये फुंकलं आणि आकडा आला ९, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तामागे ९ मिलिग्रॅम अल्कोहोल. सिक्युरिटीवाला तीसेक माणसांसमोर ओरडला, "पॉझिटिव्ह! बाजूला व्हा!" मागून कोणीतरी हसलं. मामा माळेला हात लावून नुसते उभे.

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं तर आधी सांगेचनात, मग हळूच म्हणाले की मूळव्याधीचा त्रास आहे, वैद्यांनी अभयारिष्ट दिलंय, आत्ताच टपरीवर पोहे खाऊन दोन झाकणं घेतली. आता हे सगळ्यांसमोर लाईनमध्ये कोण सांगेल हो? दिवसाला बारा-बारा तास सीटवर बसणाऱ्याला हा आजार होऊ शकतो, ती काय लाजायची गोष्ट नाही, पण लाज वाटतेच ना.

आसव-अरिष्टं आंबवून बनवतात, त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं, हे आयुर्वेदाचं औषध घेणाऱ्या कुठल्याही घरात माहीत असतं. तोंडात राहिलेलं ते अल्कोहोल पंधरा-वीस मिनिटांत उडून जातं. म्हणून पॉझिटिव्ह आला की माणसाला पाण्याने चूळ भरायला लावायची, वीस मिनिटं बसवायचं आणि परत फुंकायला लावायचं. रक्तात दारू असेल तर वीस मिनिटांनी पण आकडा दाखवणार, कुठे पळून जात नाही. त्यात आमच्याकडे फुंकायच्या आधी प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर मारतात आणि तेच ओले हात मशीनला लावायला सांगतात! त्या सॅनिटायझरची वाफ पण मशीन पकडू शकतं. हे मी वर्षभर सांगतोय.

मी म्हटलं परत टेस्ट घ्या. नाही म्हणे, एकदाच टेस्ट, पॉलिसी आहे. म्हटलं दाखवा पॉलिसी. अर्ध्या तासाने क्लायंटच्या ऑफिसातून एक कागद आला, त्यावर एक ओळ, झिरो टॉलरन्स, संपलं. टेस्ट कोण घेणार, दुसरी टेस्ट कधी, आकडा कुठे लिहायचा, औषध चालू असलेल्याने कोणाला सांगायचं, काही म्हणजे काही नाही. मशीन उलटं केलं तर कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मशीन बरोबर आकडा दाखवतं का ते तपासल्याच्या, स्टिकरवरची तारीख आठ महिन्यांपूर्वीच उलटलेली. च्यायला, वजनकाट्यावर शिक्का नसेल तर आपण भाजीवाल्याशी भांडतो, आणि इथे माणसाची रोजी त्या काट्यावर ठरतेय.

मी टेस्टच्या विरोधात नाहीये, हे नीट वाचा. मागच्या वर्षी याच गेटवर एक पोरगा सापडला होता, आकडा ७०. म्हणाला रात्री बारालाच थांबलो होतो. तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या हिशोबाने उतरते दारू, झोपून, चहा पिऊन, लिंबू चोखून लवकर उतरत नाही. रात्री बाराला १५० वर असलेला माणूस सकाळी सहाला ६० वर असतो, आणि मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, पहिल्यांदा सापडला तरी १० हजार दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत जेल नाहीतर दोन्ही. तो पोरगा सोळा टनाची गाडी घेऊन हायवेला लागला असता. त्या दिवशी मशीनमुळे कोणाचा तरी जीव वाचला असं मी आजही मानतो. म्हणूनच राग येतो. एवढ्या कामाची गोष्ट तुम्ही रजिस्टर भरण्यापुरती ठेवलीये. ऑडिटच्या आठवड्यात नवं मशीन येतं, प्रत्येकाला नवी नळी मिळते, फोटो निघतात, ऑडिटर गेला की परत तेच जुनं मशीन आणि पाच जणांना मिळून एक नळी. आणि फुंकायचं फक्त ड्रायव्हर आणि लोडिंगच्या पोरांनी, साहेबांच्या गाड्यांना बॅरियर वर. फोर्कलिफ्टच्या मधून चालत जाणारे तेही आहेतच की.

विमानवाल्यांचं बघा. तिथे डीजीसीएने, म्हणजे विमानांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी खात्याने, सगळं लिहून ठेवलंय, पहिली पॉझिटिव्ह आली तर तोंड धुऊ देतात, मध्ये वेळ जाऊ देतात, आधी मशीन तपासतात आणि मग साक्षीदारासमोर दुसरी टेस्ट. औषध चालू असेल तर कंपनीच्या डॉक्टरला आधी सांगायचं. नियम कडक आहेत, पहिल्यांदा सापडला तरी पायलटचं लायसन तीन महिने जातं, पण कशामुळे गेलं ते कागदावर असतं. आमच्या ड्रायव्हरला साधी स्लिप पण मिळत नाही. आता म्हणे पुढच्या महिन्यापासून लघवीची ड्रग टेस्ट पण सुरू करणार, त्याच गेटवर, पट्टीवाल्या किटने. खोकल्याच्या औषधातल्या कोडीनने (अफूच्या जातीचं द्रव्य) ती पट्टी पॉझिटिव्ह येते, खसखशीने पण येऊ शकते, म्हणजे दिवाळीत अनारसे खाल्लेला माणूस पण अडकू शकतो. पट्टी पॉझिटिव्ह आली तर तेच सॅम्पल लॅबला पाठवून पक्कं करायचं असतं, त्याचा खर्च कोण देणार विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

मामांचा दिवस कापला. गेट पास ब्लॉक आहे, क्लायंटच्या सिस्टीममध्ये नावापुढे अल्कोहोल पॉझिटिव्ह लिहिलंय, आणि ते कोण काढणार हे एचआर पण सांगत नाही, आमचा मालक पण सांगत नाही, त्याला पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट हवंय. पर्मनंट कामगार असता तर निदान चौकशी झाली असती, सस्पेंड केलं तरी पहिले ९० दिवस निम्मा पगार मिळाला असता. मी त्याच दिवशी मामांना मेडिकलमधून वेगळं मशीन आणून फुंकायला लावलं, ०. फोटो काढला, स्टिकरचा फोटो काढला, औषधाच्या बाटलीचा काढला, तीन मेल केले. एकाचं पण उत्तर नाही.

काल संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो होतो. मामांनी औषध बंद केलंय. म्हणाले, त्रास झाला तरी सोसेन, पण परत त्या लाईनमध्ये तसा उभा राहणार नाही.